वाऱ्याबरोबर उडणारी वाळू खडक नेमका किती उंचीपर्यंत कोरते?

भूरूपवाचक (प्रश्न)

वाळवंटी भूरूपांच्या एका प्रदर्शनासाठी फलक लिहायचे आहेत. बहुतेक पुस्तकांत एकच ओळ सापडते: वाळू खडकाच्या तळाशी जास्त आदळते, म्हणून तळ झिजून भूछत्र खडक, म्हणजे खाली बारीक आणि वर रुंद असा छत्रीच्या आकाराचा खडक, तयार होतो. एवढ्यावर फलक उभा राहत नाही. मला चार गोष्टी हव्यात. वाळूचा मारा जमिनीपासून किती उंचीपर्यंत परिणामकारक असतो आणि का? खड्यांना दोन-तीन चपटे पैलू आणि धारदार कडा कशा येतात? एखादे रूप वाऱ्यानेच घडवले की मीठ, दंव, पाणी यांनी, हे जागेवर कसे ओळखायचे? आणि प्रदर्शनात दाखवता येईल असा छोटा, प्रामाणिक प्रयोग आहे का? सर्वसाधारण माहिती आहे, मला आकडे आणि कारणे हवी आहेत.

वालुकाकण

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यावरच उभे आहे. नुसती हवा कठीण खडक झिजवत नाही. झिजवतो तो कण. त्यामुळे विचारायचे ते असे की कण किती उंच जातो, तिथे त्याचा वेग किती असतो आणि तिथे कण किती असतात.

वाळूचा कण हवेपेक्षा सुमारे दोन हजार पट घन असतो, त्यामुळे तो हवेत तरंगत नाही, उड्या घेत जातो. वाऱ्याच्या झोताने उचलला जातो, पुढे ढकलला जातो आणि 10 ते 15 अंशांच्या तिरक्या कोनात जमिनीवर येऊन आपटतो. आपटताना स्वतः परत उसळतो आणि आजूबाजूचे आणखी कण उडवतो. यालाच सॉल्टेशन म्हणतात. वाळूच्या हालचालीचे ब्रिटिश अभ्यासक राल्फ बॅग्नॉल्ड यांनी 1930 च्या दशकात वातबोगद्यात याची मोजमापे घेतली. त्यांच्या हिशेबाने वाहत्या वाळूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असा उड्या घेत जातो आणि उरलेला, म्हणजे जाडसर कण, या माऱ्याने जमिनीलगत ढकलला जातो. उडता कण स्वतःच्या सहापट व्यासाचा खडासुद्धा सरकवू शकतो.

0.25 मिलिमीटरचे कोरडे, सुटे कण हलायला लागण्यासाठी जमिनीपासून 1 मीटर उंचीवर साधारण 6 ते 7 मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी 24 किलोमीटरच्या आसपास वारा लागतो. एकदा उड्या सुरू झाल्या की आपटणारे कणच पुढचे कण उडवतात, म्हणून त्याच्या सुमारे 80 टक्के वेगावरही वाळू वाहत राहते. वाळू ओली असेल, तिच्यावर क्षाराचा पापुद्रा असेल किंवा वर खड्यांचा थर पसरलेला असेल, तर हा उंबरठा खूप वर जातो. वाऱ्याचा वेग पुरेसा असूनही झीज शून्य, असे ज्या ठिकाणी दिसते तिथे बहुधा यांपैकीच एखादे कारण असते.

आता उंची. अगदी जमिनीलगत कण सर्वांत जास्त, पण हळू असतात, कारण तिथे वाराच मंद असतो आणि नुकतीच उडी घेतलेल्या कणाला वेग मिळालेला नसतो. वर जावे तसा वेग वाढतो, पण कणांची संख्या झपाट्याने घटते. कणांची संख्या आणि वेगाचा वर्ग यांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा होतो, तिथे झीज सर्वाधिक. ही जागा जमिनीला चिकटून नसते, थोडी वर असते. भूवैज्ञानिक रॉबर्ट शार्प यांनी कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात ल्युसाइट प्लास्टिकच्या दांड्या रोवून हे मोजले. 1964 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वाधिक झीज सुमारे 23 सेंटिमीटर उंचीवर होती. वाळूचा बराचसा भार त्याच्याही खालून जात होता. तेव्हा फलकावर ‘अगदी तळाशी’ लिहू नका, ‘तळापासून वीतभर वर’ लिहा. हा आकडा सगळीकडे तोच नसतो. जमीन कठीण आणि गोट्यांची असेल तर कण उंच उसळतात, मऊ वाळूवर कमी. पण दीड-दोन मीटरच्या वर परिणामकारक मारा क्वचितच पोहोचतो.

कणाचा आकारही महत्त्वाचा आहे. 0.25 मिलिमीटरच्या क्वार्ट्झ कणाचे वस्तुमान सुमारे 0.02 मिलिग्रॅम असते. व्यास दुप्पट झाला की वस्तुमान आठपट, म्हणजे त्याच वेगाला ऊर्जाही आठपट. उलट 0.02 मिलिमीटरचा धूलिकण वजनाला 0.25 मिलिमीटरच्या कणाच्या दोन-हजाराव्या भागाइतका भरतो. शिवाय तो इतका हलका असतो की खडकासमोर हवा वळली की तिच्याबरोबर वळून निघून जातो, आदळतच नाही. आकाश पिवळे करणारे धुळीचे वादळ दिसायला भयंकर असते, पण खडक कोरण्याचे काम त्याच वेळी पायांजवळ सरपटणारी वाळू करत असते.

पैलू

वरचे सगळे बरोबर. मी खड्यांबद्दल लिहितो. असे खडे व्हेंटिफॅक्ट म्हणून ओळखले जातात. एक धार असलेल्याला आइनकांटर, तीन धारांच्याला ड्रायकांटर म्हणतात.

पैलू वाऱ्याकडच्या बाजूला पडतो. खडक ठिसूळ पदार्थ आहे, म्हणून मारा जितका समोरून तितकी झीज जास्त. उभा पृष्ठभाग सुरुवातीला वेगाने मागे सरकतो. मागे सरकता सरकता तो कलंडतो, मारा घसरता होऊ लागतो आणि झिजण्याचा वेग उतरतो. म्हणून तयार पैलू बहुतेकदा 30 ते 60 अंशांच्या उतारावर दिसतात. हा उतार जिथे मागच्या, न झिजलेल्या बाजूला भेटतो तिथे धार तयार होते आणि ती वाऱ्याच्या दिशेला साधारण आडवी असते.

यावरून लोक सरसकट निष्कर्ष काढतात की तीन धारा म्हणजे तीन दिशांचे वारे. असे लिहू नका. दोन ऋतूंत उलट दिशांचे वारे असतील तर दोन पैलू पडतील हे खरे. पण खड्याच्या वाऱ्याकडच्या पायथ्याशी वाळू उकरली गेली की खडा पुढे कलंडतो आणि नवी बाजू वाऱ्याला देतो. अचानक आलेला लोंढा, दंव, जनावरांचे पाय यांनीही तो फिरतो. शिवाय मूळचा खडा फुटून आलेला, आधीच कोनदार असेल तर वारा त्या कडा फक्त ठसठशीत करतो. धारांची संख्या म्हणजे वाऱ्यांची संख्या नव्हे.

वाऱ्याची दिशा वाचायची असेल तर लहान खडे सोडून द्या. अर्ध्या मीटरपेक्षा मोठे, जमिनीत घट्ट रुतलेले दगड घ्या, जे फिरलेले असण्याची शक्यता कमी. त्यांच्या वरच्या, कमी उताराच्या पृष्ठभागावर पन्हळी आणि खोबणी शोधा. समोरून मारा खाणाऱ्या उभ्या पृष्ठभागावर गोल खळगे दिसतात, कलत्या पृष्ठभागावर लांबट पन्हळी. पन्हळीचे वाऱ्याकडचे टोक रुंद आणि बंद असते, दुसरे टोक उथळ होत उघडे पडते, त्यामुळे वारा कुठून कुठे गेला तेही कळते. दोन्ही टोके सारखी असलेली लांब खोबण फक्त रेषा सांगते, तिच्यावर वारा कोणत्या टोकाने आला ते नाही. दगडाच्या बगलेवरची खोबण मोजू नका, कारण तिथे हवा दगडाला वळसा घालत असते. एका जागेवर किमान 20-30 वाचने घ्या. दगड बेसाल्टचा असेल तर होकायंत्र त्याला टेकवू नका, सुई भरकटते. दोरी ताणून रेषा धरा आणि वाचन एक-दोन मीटर दूर उभे राहून घ्या. चुंबकीय दिक्पाताची, म्हणजे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतल्या फरकाची, दुरुस्ती करायला विसरू नका.

एक तपासणी सगळ्यांत आधी करा: पैलू जिवंत आहे की जुना? ताजा पैलू गुळगुळीत, किंचित चमकदार आणि खडकाच्या स्वतःच्या रंगाचा असतो. त्याच्यावर काळपट-तपकिरी वाळवंटी वार्निश चढले असेल, शैवाक वाढले असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर वाळूचा मारा कधीच थांबला आहे. लोह-मँगनीजचे हे वार्निश मिलिमीटरच्या अंशाइतके पातळ असते आणि ते साचायला हजारो वर्षे लागतात. चालू माऱ्याखाली ते टिकूच शकत नाही. उत्तर युरोपात हिमयुगातले असे खडे भरपूर सापडतात आणि तिथे आज वाळवंट नाही. म्हणून खड्यांवरची दिशा आजच्या वाऱ्याशी जुळली नाही तर मोजमाप चुकले असे लगेच समजू नका.

अंटार्क्टिकाच्या कोरड्या दऱ्यांतही उत्तम व्हेंटिफॅक्ट आहेत. थंड, घन हवा आणि पठारावरून खाली कोसळणारे वारे तिथे हे काम करतात. उष्णता लागत नाही. कोरडी सुटी वाळू, वारा आणि झाडोऱ्याचा अभाव, एवढे पुरते. फलकावर हे उदाहरण जरूर घ्या.

क्षारवेध

भूछत्र खडकांबद्दल मला स्पष्टच बोलायचे आहे, कारण पुस्तकातली ती ओळ निम्म्या ठिकाणी चुकीची ठरते.

तळ बारीक असलेला खडक पाहिला की तीन संशयित असतात. पहिला वाळूचा मारा. दुसरा क्षार. भूजल किंवा दव केशाकर्षणाने खडकाच्या तळात चढते, बाष्पीभवन झाले की मीठ छिद्रांमध्ये स्फटिकरूप घेते आणि कण न् कण सुटा करते. सोडियम सल्फेटसारखा क्षार पाणी घेऊन थेनार्डाइटचा (कोरडे रूप) मिराबिलाइट (पाणी धरलेले रूप) होतो तेव्हा त्याचे घनफळ सुमारे चौपट होते. ओल जिथपर्यंत चढते तिथपर्यंतच ही झीज, म्हणून तीही तळाशीच दिसते. तिसरा संशयित साधा आहे: तळाशी मुळातच मऊ थर आहे आणि वर कठीण.

ओळखायचे कसे? खडकाभोवती पूर्ण फेरी मारा. वाळूने कोरले असेल तर वाऱ्याकडची बाजू जास्त खोल, गुळगुळीत, पन्हळी असलेली असेल आणि आडोशाची बाजू खडबडीत राहिलेली असेल. क्षाराने कोरले असेल तर खाच चहूबाजूंनी, उलट सावलीच्या, ओल टिकणाऱ्या बाजूला जास्त. बोट फिरवले की दाणे गळतात, पापुद्रे निघतात, कुठेतरी पांढरा थर दिसतो आणि खाली ताजा भुगा पडलेला असतो. वाळूचा जोरदार मारा असता तर तो भुगा तिथे राहिलाच नसता.

मऊ थराची शंका असेल तर शेजारचे चार-पाच खडक बघा. खाच जमिनीची उंची सोडून थराबरोबर वर-खाली जात असेल तर श्रेय थराला द्या. जमिनीला धरून चालत असेल तर क्षार किंवा वाळू. आणि खाच तीन-चार मीटर उंचीवर असेल, तर वाळूचे नाव घेण्याआधी जमीन पूर्वी वर होती याचा पुरावा शोधा: गाळाचे अवशेष, जुन्या पातळीवरचे गोटे, असे काहीतरी.

इजिप्तच्या फराफ्राजवळच्या श्वेत वाळवंटातली खडूच्या दगडाची रूपे या विषयावरच्या प्रत्येक लेखात असतात. खडूचा दगड इतका मऊ आहे की तिथे वाळू खरोखर प्रभावी ठरते. कॅल्साइटची काठिण्यता 3, क्वार्ट्झची 7. पण तिथेही वारा एकटा नाही, विदारणाने सुटे झालेले कण तो उचलून नेतो. मोठ्या नैसर्गिक कमानी आणि भिंतींवरच्या मधाच्या पोळ्यासारख्या खळग्यांना तर वाळूचे काम म्हणूच नका. अमेरिकेतल्या युटाहमधल्या कमानी मुख्यतः पाणी, दंव आणि खडकातल्या भेगांनी घडल्या आहेत आणि पोळ्यासारखे खळगे बहुतांशी क्षार विदारणाचे. वाळूच्या माऱ्यात असे खळगे आतून सावलीत खोल होत गेले नसते, कारण आत कण वेगाने पोहोचत नाही.

भूरूपवाचक

खूप उपयोगाचे. पण आता एक अडचण दिसते. मारा दीड-दोन मीटरपर्यंतच पोहोचत असेल, तर इराणच्या लूत वाळवंटातले दहा-दहा मजली उंचीचे यारदांग, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने लांबत गेलेल्या उंच कण्यांसारखे उंचवटे, वाऱ्याने कसे कोरले?

वालुकाकण

योग्य जागी बोट ठेवलेत. उत्तर असे की मारा वर चढत नाही, जमीन खाली जाते. अशा दोन उंचवट्यांमधल्या वाटेत वारा चिंचोळा होऊन जोर धरतो, वाळू त्या वाटेच्या तळाला आणि कडेच्या पायथ्याला घासते, सुटलेला गाळ उडून जातो. तळ खाली गेला की माऱ्याचा पट्टाही त्याच्याबरोबर खाली उतरतो. आज माथ्यावर दिसणारा थर कधीकाळी वाटेच्या तळाशी होता. म्हणून उंची नेहमी तेव्हाच्या वाळूच्या पृष्ठभागापासून मोजायची असते. खडकाला टेकून वाळूचा चढ साचला असेल तर पट्टा तेवढा वरही जातो.

उंच कडांवर पुढचे काम गुरुत्वाकर्षण आणि पाणी करतात. पायथा पोखरला की वरचा भाग कोसळतो आणि क्वचित पडणारा पाऊस बाजूंवर घळी पाडतो. कोसळलेला ढिगारा वारा हळूहळू संपवतो. तो संपेपर्यंत पायथ्याला संरक्षण मिळते, म्हणून झीज टप्प्याटप्प्याने होते.

यारदांगचे डोके वाऱ्याकडे, बोथट आणि उंच असते. शेपूट वाऱ्याच्या दिशेने निमुळते होत जाते. सुटसुटीत यारदांगांत लांबी रुंदीच्या तीन-चार पट असते, कारण त्या आकाराला हवेचा अडथळा कमी होतो. कॅलिफोर्नियातल्या रॉजर्स या कोरड्या तलावाच्या मऊ गाळातल्या यारदांगांचे डोके वर्षाला सुमारे 2 सेंटिमीटर, तर बाजू सुमारे अर्धा सेंटिमीटर मागे सरकतात, असे वॉर्ड आणि ग्रीली या संशोधकांनी 1984 साली मांडले. हा वेग मऊ गाळाचा आहे. तो ग्रॅनाइटच्या फलकावर चिकटवू नका.

लूत, चीनमधले छायदाम खोरे, सहारातला बोर्कू प्रदेश ही तीन उदाहरणे पुरेत. पहिल्या दोन ठिकाणी तलावांचा गाळ, तिसऱ्या ठिकाणी वालुकाश्म. लूत 2016 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

मोजपट्टी

प्रयोगाचे मी सांगतो. आधी धोका: क्वार्ट्झची वाळू आदळून फुटते आणि डोळ्यांना न दिसणारी सिलिकाची धूळ तयार होते. ती फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. याच कारणाने वाळूच्या झोताने धातू साफ करताना सिलिका वाळू वापरायला अनेक देशांत बंदी आहे. प्रदर्शनात प्रेक्षकांसमोर क्वार्ट्झ उडवू नका. गार्नेटचे दाणे घ्या, पेटी पूर्ण बंद ठेवा, बाहेर जाणारी हवा बारीक गाळणीतून सोडा आणि पेटी उघडताना योग्य श्वसन-मुखवटा लावा.

पेटी 3 मीटर लांब, 40 सेंटिमीटर रुंद, 60 सेंटिमीटर उंच, एक बाजू पारदर्शक. पंखा बाहेर जाणाऱ्या टोकाला लावा, म्हणजे तो हवा ओढेल. आत येणाऱ्या टोकाला पंखा लावला तर भोवरे तयार होतात. आत येणाऱ्या तोंडाला नळ्यांची जाळी बसवली की प्रवाह सरळ होतो. चाळून घेतलेले 0.2 ते 0.4 मिलिमीटरचे, पूर्ण कोरडे दाणे तळावर 2 सेंटिमीटर जाड पसरा. मध्यावर 10 ते 12 मीटर प्रतिसेकंद वेग मिळाला की दाणे व्यवस्थित उड्या घेतात. तीन मीटरच्या पेटीत वाळूचा प्रवाह पूर्ण भरात येत नाही, म्हणून सुरुवातीच्या टोकाला वरून थोडे थोडे दाणे सोडत राहावे लागते. नाहीतर पहिला अर्धा मीटर तळ उघडा पडतो आणि प्रयोग तिथेच थांबतो.

लक्ष्य म्हणून पुष्परचनेसाठी मिळणारा कोरडा फोम घ्या. त्याची उभी पट्टी दर 5 सेंटिमीटरला खुणा करून शेवटच्या टोकाला रोवा. काही मिनिटांत खाच दिसू लागते. खोली पट्टीच्या मागच्या सपाट बाजूपासून मोजा, पुढून मोजाल तर बोटानेच फोम दबेल. दुसऱ्या फेरीत फोमचा ठोकळा ठेवा: पैलू कसा कलंडत जातो ते प्रेक्षकांना स्पष्ट दिसते. अर्ध्या वेळेनंतर ठोकळा 90 अंशांत फिरवला की एकाच दिशेच्या वाऱ्यात दुसरा पैलू आणि नवी धार तयार होते. पैलू यांचा मुद्दा यापेक्षा सोप्या रीतीने पटवता येणार नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसचे ठोकळे वापरायचे असतील तर वजनातला फरक मोजा. पण ते 40-45 अंश सेल्सिअसवर वजन स्थिर होईपर्यंतच वाळवा. 105 अंशांच्या भट्टीत घातले तर जिप्सममधले पाणी निघून जाते आणि झीज न होताच वजन घटलेले दिसते.

कंप्रेसरच्या नळीने वाळू फवारून हा प्रयोग करू नका. नळीच्या उंचीवर खाच पडते, सॉल्टेशनची उंची त्यातून काहीच कळत नाही.

पैलू

एक पुरवणी. फोमवर पैलू छान येतात, पण खळगे आणि पन्हळी त्यावरून शिकवू नका. फोमची स्वतःची छिद्रे उघडी पडतात आणि ती खळग्यांसारखी दिसतात. पोत दाखवायचा असेल तर प्लास्टरमध्ये जाड कणांचे कठीण तुकडे मिसळून ठोकळा ओता. मऊ भाग आधी झिजतो, कठीण तुकडे उठून दिसतात आणि प्रत्येक तुकड्याच्या आडोशाला छोटी शेपटी उरते. खऱ्या दगडातही ही शेपटी सापडली तर वाऱ्याची दिशा ठरवायला ती खोबणीपेक्षा जास्त भरवशाची. फेरी संपली की वापरलेले दाणे पुन्हा चाळा. फुटून बारीक झालेले दाणे तसेच राहू दिले तर तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून झीज कमी भरते आणि वाऱ्याचा वेग तोच असताना आकडे का उतरले ते कळत नाही.